स्वभावाला औषध

कुलूप तीन वेळा ओढायचं,
चौथ्या पायरीवरून परत वर,
पुन्हा तीन वेळा.
गॅसचं बटण. गिझरचं.
देव्हाऱ्यातली विझलेली वातसुद्धा बोटानं चाचपून.
मी खाली रिक्षात. मीटर चालू.
रिक्षावाला विचारायचा, "बेन, साहेब भूली गया के शुं?"
मी म्हणायची, नाही हो, स्वभावच आहे त्यांचा.

स्वभावाला औषध नाही, सासूबाई म्हणत.
आईही तेच म्हणाली,
फक्त फोनवर, आणि जरा हळू.

दांडिया बाजार सोडून समाला फ्लॅट घेतला.
कुलूप बरोबर आलं.

बँकेत मात्र या स्वभावाला शाल मिळाली.
सव्वीस वर्षं कॅश काउंटर, एका रुपयाची चूक नाही.
शालीचा फोटो भिंतीवर आहे अजून.
नीट पाहिलं तर दिसतात
बोटांची निघालेली सालं,
धुऊन धुऊन.

मनवाच्या डोहाळजेवणाला पोचलो
तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती.
लेक काही बोलली नाही. पाणी आणलं.

मग त्या श्रावणात विश्वामित्री सोसायटीत शिरली.
स्कूटरी बुडाल्या, आणि दुसऱ्या रात्री
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मगर.
टॉर्चच्या उजेडात डोळे, सुपारीएवढे, लाल.
अख्खी बिल्डिंग किंचाळत होती.
हे उठले.
परीखकाकांना पाठुंगळी घेऊन गच्चीवर नेलं,
पोरं मोजली, सतरा, एकदाच,
दार ओढलं, एकदाच,
आणि बोट येईपर्यंत पत्ते वाटत बसले.
पहाटे मी विचारलं, भीती नाही वाटली?
म्हणाले, "ही दिसत होती ना."

त्या वाक्यावर मी दोन महिने काढले.
मग कारेलीबागेत नंबर लावला.

डॉक्टर फाल्गुनी अमीन, मनवाच्याच वयाच्या.
स्वभाव कसा, हे विचारलंच नाही.
विचारलं, रोज किती तास जातात यात?
यांनी कागद मागितला. कॅशियरच तो.
साडेचार गुणिले तीनशे पासष्ट गुणिले बावीस.
चार वर्षं. वर दीड महिना.
पेन खाली ठेवलं.
आयुष्यात पहिल्यांदा
ताळा केला नाही.

आजाराचं नाव तीन इंग्रजी अक्षरं.
परतताना आठवलं, सासूबाई म्हणायच्या ना,
मंत्रचळ लागलाय मेल्याला!
म्हणजे शब्द होता आपल्याकडे.
आपण तो शिवीसाठी ठेवला होता.

गोळी रात्री. आणि गृहपाठ :
कुलूप एकदा लावायचं, वळायचं नाही,
सुरसागरच्या कठड्यावर जाऊन बसायचं.
पहिल्या दिवशी चपलेतले अंगठे थरथरत होते.
मी चण्यांची पुडी धरून. बोलायचं नाही,
"असेल लावलेलं" म्हणून धीरही द्यायचा नाही,
हे मला सगळ्यात अवघड गेलं.
भीती चढते आणि आपोआप उतरते, डॉक्टर म्हणाल्या होत्या.
उतरायला एक्केचाळीस मिनिटं लागली.
चणे सादळले.

आता काय गेलं, काय राहिलं, बघत असते.
पेपरच्या घडीवर नखानं रेघ ओढणं राहिलं.
शेवेच्या पुडीला दोन रबर, राहिले.
माझ्या भावाशी तुटक बोलणं,
तेही राहिलं. मला वाटलं होतं
गोळीनं जाईल.
तर हा स्वभाव.
याला खरंच औषध नाही.

काल रात्री कुलूप वाजलं. एकदा.
येऊन आडवे झाले, घोरायलाही लागले.
मी उशीवर डोळे उघडे ठेवून
दुसऱ्या आवाजाची वाट बघत होते
सव्वातीनपर्यंत.